शिंप्याचं काम, सर्जनचं काम

१९४० आणि ५०च्या दशकांतल्या अमेरिकन किंवा ब्रिटिश फ्रॉकची चेन बऱ्याचदा पाठीवर नसते. ती डाव्या बगलेखाली शिवणीत दडवलेली असते, धातूची असते, आणि कंबरेवरून वर सरकत येताना नेमकी छातीपाशी अडते. जुने कपडे हौसेने शोधून, धुऊन, दुरुस्त करून रोजच्या वापरात आणणाऱ्या बायका आता जगभर आहेत. लंडनच्या पोर्टोबेलो रोडवर किंवा पॅरिसच्या सेंट-ओएनच्या जुन्या बाजारात त्या तासन् तास घालवतात. या सगळ्याजणींना ही चेन ठाऊक असते. खांदे बसतात, कंबर बसते, चेन तेवढी दोन इंच आधी थांबते. कधी उलटंही होतं. चेन सरसर वर जाते आणि छातीपाशी कापड रिकामं, पोचट लोंबत राहतं. दोन्ही वेळा आरशासमोरची बाई बहुधा एकच निष्कर्ष काढते: फ्रॉक बरोबर आहे, चूक माझ्या अंगात आहे.

हा निष्कर्ष कधी कधी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचतो. कुणाला स्तन वाढवून हवे असतात, कुणाला कमी करून. कारणं प्रत्येकीची वेगळी असतात आणि कपडे हे त्यांतलं एकच कारण. पण ते वरवरचंही नाही. आपलं शरीर कसं आहे हे आपल्याला रोज सकाळी कपडेच तर सांगतात.

तेव्हा आधी कपड्याचीच उलटतपासणी करू. तो फ्रॉक नुसत्या अंगावर घालण्यासाठी शिवलेलाच नव्हता. त्याच्या आत काय काय असायचं ते पाहण्यासारखं आहे. १९२०च्या दशकात फॅशन सपाट, पोरसवदा बांध्याची होती. ज्यांना निसर्गाने तसा बांधा दिला नव्हता त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये मार्केट हारबरो गावच्या सिमिंग्टन कंपनीने दोन्ही कुशींना नाड्या असलेली एक चोळीवजा पट्टी काढली होती. नाड्या आवळल्या की छाती सपाट. जुन्या फोटोंतल्या सडपातळ ‘फ्लॅपर’ मुलींपैकी अनेकींचा सपाटपणा या नाड्यांचा होता. त्याच दशकात, १९२२मध्ये, न्यूयॉर्कमध्ये आयडा रोझेंथल आणि तिच्या भागीदारांनी नेमकी उलटी वाट धरली. आपल्या दुकानात शिवलेले कपडे सपाट छातीवर शोभत नाहीत म्हणून त्यांनी दोन वाट्यांची ब्रेसियर बनवली. त्यातून ‘मेडनफॉर्म’ ही कंपनी उभी राहिली. म्हणजे कपडा आधी, त्याला साजेशी अंतर्वस्त्रं नंतर, आणि शरीर सगळ्यांत शेवटी.

मग आला १२ फेब्रुवारी १९४७. त्या दिवशी पॅरिसमध्ये ख्रिस्तियान दिओरने आपला पहिला संग्रह दाखवला. ‘हार्पर्स बझार’ची संपादक कार्मेल स्नो हिच्यामुळे त्याला ‘न्यू लूक’ हे नाव पडलं. भरलेली छाती, मुठीत मावेल अशी कंबर, रुंद नितंब आणि पोटऱ्यांपर्यंत घेरदार झगा. युद्धाच्या रेशनिंगला कंटाळलेल्या जगाला वेड लागलं. पण त्या प्रसिद्ध ‘बार’ जाकिटाची शिवण उसवून पाहणाऱ्याला दिसतं की नितंबांचा तो गोलवा जाकिटातच भरलेला आहे. कंबर कंबरपट्ट्याने आवळायची, छातीला गरज पडली तर गाद्या लावायच्या. पुढच्या दहा वर्षांत आली ती गोल-गोल टीपांनी शिवलेली, शंकूसारख्या टोकदार वाट्यांची ब्रा. पन्नासच्या दशकातले स्वेटर आणि फ्रॉक तिच्या मापाने बेतलेले आहेत. आजच्या मऊ ब्रावर ते घातले तर छातीचा सर्वांत पुढे येणारा बिंदू खाली सरकतो, टक्स भलतीकडे जातात आणि फ्रॉक ‘बसत नाही’.

हे आपल्याकडेही आलं होतं. पन्नास-साठच्या दशकांतल्या हिंदी चित्रपटांत नायिकांच्या ब्लाउजला तोच टोकदार आकार दिसतो. ‘वक्त’मध्ये (१९६५) साधनासाठी अंगाबरोबर बसणारा चुडीदार-कुडता बेतला तो भानू अथैया यांनी. त्या मूळच्या कोल्हापूरच्या. कॉलेजच्या मुली तो कुडता शिंप्याकडे शिवून घेत, पण पडद्यावरच्या आकारामागे आत काय शिवलंय हे शिंप्याला थोडंच दिसायचं!

आता मापांचं गौडबंगाल. १९३९-४०मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने सुमारे १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. त्या आकड्यांवर पुढे १९५८चा सरकारी मापतक्ता उभा राहिला. १९८३मध्ये तो मागे घेतला गेला, आणि मधल्या काळात कंपन्यांनी गिऱ्हाइकाला खूश ठेवण्यासाठी नंबर खाली सरकवले. आजचा अमेरिकन ८ नंबर हा १९५८च्या जवळपास १६ नंबरइतका आहे. मॅरिलिन मन्रो ‘१६ नंबरची’ होती ही दंतकथा इथूनच पसरली. तिचे उरलेले कपडे मोजले की कंबर २२-२३ इंच भरते. जुन्या फ्रॉकवरचा आकडा वाचून रडू आलं तर ते निव्वळ अंकगणितापायी आलेलं रडू समजावं.

जुने कपडे एवढे चिमुकले का वाटतात, याचं आणखी एक कारण आहे. मोठ्या मापाच्या फ्रॉकमध्ये कापड जास्त, म्हणून तो उसवून धाकट्या बहिणीला, मुलीला, पुन्हा कुणाला बेतला जायचा आणि झिजून संपायचा. लहान मापाचा फ्रॉक कुणालाच होत नसे, म्हणून तो ट्रंकेत टिकला. तारुण्यातले, लग्नकार्यातले, एकदाच घातलेले कपडे लोक जपून ठेवतात हेही खरं. म्हणजे दुकानात टांगलेला ढीग हा त्या पिढीचा नमुना नाही, त्या पिढीतली शिल्लक आहे. व्हिक्टोरियन कॉर्सेटबद्दलही असंच. व्हॅलेरी स्टील या फॅशनच्या इतिहासकार बाईंनी संग्रहालयांतल्या कॉर्सेटांचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेकांची कंबर २० ते २६ इंच निघाली, आणि ती नाड्या मागे थोड्या सैल सोडूनच घातली जायची. कंबर बारीक करायला बायका बरगड्या काढून टाकत, या लोकप्रिय गोष्टीला मात्र पुरावा नाही. भूल आणि जंतुनाशन बाल्यावस्थेत असलेल्या त्या काळात असली शस्त्रक्रिया म्हणजे थेट स्मशान होतं.

या सगळ्या आवळण्या-फुगवण्यात त्रास होताच. श्वास कोंडायचा, वळ उठायचे, जेवण जायचं नाही. तरी एक सोय होती. रात्री नाड्या सोडल्या की सगळं सुटायचं. दशक बदललं की बाई अंतर्वस्त्रं बदलायची, अंग तेच राहायचं.

शरीरच कायमचं बदलण्याचा खटाटोप त्याच काळात समांतर चालू होता. १८९५मध्ये जर्मनीत हायडलबर्गला विन्सेंझ चेर्नी याने गाठ काढल्यामुळे पोकळ झालेल्या स्तनात रुग्णाच्याच पाठीवरची चरबीची गाठ बसवली. तो भरपाईचा उपाय होता आणि द्रव्य तिच्या स्वतःच्या अंगातलं होतं. पण १८९९च्या सुमारास व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेरसुनीने वितळलेलं पॅराफिन, म्हणजे मेणच, टोचून अवयवांना आकार द्यायला सुरुवात केली आणि ते स्तनांपर्यंत पोचलं. मेण जागेवर राहीना. त्याच्या कठीण गाठी व्हायच्या, कातडी फुटायची, कण रक्तवाहिन्यांत शिरले तर जिवावर बेतायचं. १९५०च्या दशकात प्लास्टिकचे स्पंज आले. आजूबाजूच्या ऊती स्पंजाच्या भोकांत वाढत आणि तो आकसून लाकडासारखा घट्ट होई. त्याच सुमाराला पातळ सिलिकॉन टोचण्याची लाट आली. सॅन फ्रान्सिस्कोची नर्तकी कॅरोल डोडा १९६४मध्ये त्यासाठी गाजली. टोचलेलं सिलिकॉन परत काढता येत नाही. ते छातीभर पसरतं, गाठी करतं, आणि अनेकींना अखेर स्तनच काढावे लागले.

पिशवीत बंद सिलिकॉनची कल्पना ह्यूस्टनच्या थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांची. रक्ताने भरलेली प्लास्टिकची पिशवी हाताला कशी लागते यावरून ती सुचली असं सांगतात. आधी एका कुत्रीवर प्रयोग झाला. १९६२मध्ये पहिली बाई मिळाली. सहा मुलांची आई, गरीब, आणि इस्पितळात आली होती ती छातीवरचं गोंदण काढून घ्यायला. तुला स्तन वाढवून हवेत का, असं डॉक्टरांनीच विचारलं. तिला खरं तर आपले पुढे आलेले कान मागे बसवून हवे होते. तेही करू, या बोलीवर ती तयार झाली. मला हा प्रसंग या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. मागणीच्या आधी पुरवठा हजर होता, आणि ज्या उणिवेवर इलाज करायचा ती उणीव बाईला आधी दाखवून द्यावी लागली.

आणि फॅशन? १९६४मध्ये डिझायनर रूडी गर्नराइखने ‘नो-ब्रा’ नावाची पातळ, बिनआकाराची ब्रा बाजारात आणली. १९६६मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्राने ट्विगी या सोळा वर्षांच्या मॉडेलला वर्षाचा चेहरा ठरवलं आणि पोरसवदा सपाट बांधा पुन्हा राज्यावर बसला. पन्नासच्या दशकातल्या छातीचा कायमस्वरूपी साचा तयार झाला, तेव्हा ते दशक संपून गेलं होतं.

पुढची कायदेशीर लढाई भराभर सांगतो. १९८२मध्ये अमेरिकन प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने सरकारला लिहून कळवलं की लहान स्तन ही विकृती आहे, खरं तर आजारच. १९९२मध्ये औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर निर्बंध घातले. खटल्यांच्या ओझ्याखाली हे इम्प्लांट बनवणारी डाऊ कॉर्निंग कंपनी १९९५मध्ये दिवाळखोरीत गेली. १९९९मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने निर्वाळा दिला की इम्प्लांटमुळे संधिवातासारखे सर्वांगाचे आजार होतात याचा पुरावा नाही, खरी अडचण आहे ती जागच्या जागी होणाऱ्या गुंतागुंतीची. २००६मध्ये जेल इम्प्लांट पुन्हा मान्य झाले. निव्वळ सौंदर्यासाठी वयाची अट मात्र २२ वर्षं.

‘जागच्या जागी होणारी गुंतागुंत’ हे शब्द फार सौम्य आहेत. त्यांच्यामागे काय घडतं ते सावकाश पाहायला हवं.

शरीरात परकी वस्तू शिरली आणि ती बाहेर ढकलता आली नाही, की शरीर तिच्याभोवती कोलॅजनची भिंत बांधतं. प्रत्येक इम्प्लांटभोवती असं वेष्टण तयार होतंच. ते पातळ आणि मऊ राहिलं तर कुणाला कळतही नाही. पण काहींच्या बाबतीत ते जाड होतं आणि आकसायला लागतं. असं का होतं याला बरीच कारणं असावीत. इम्प्लांटच्या पृष्ठभागावर जंतूंचा पातळ थर बसणं हे त्यांतलं एक महत्त्वाचं मानतात. या आकसण्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीत स्तन नैसर्गिक वाटतो, चौथीत तो दगडासारखा कडक, वेडावाकडा आणि दुखरा असतो. मग पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा भूल, आणि नव्या इम्प्लांटभोवती पुन्हा नवं वेष्टण.

हे आकसणं टाळायला उत्पादकांनी इम्प्लांटचा पृष्ठभाग खरबरीत केला. कल्पना बिनचूक वाटत होती. पण खरबरीत पृष्ठभागाबरोबर एक विरळा कर्करोग आला. तो स्तनाचा नाही, वेष्टणात वाढणारा पांढऱ्या पेशींचा लिम्फोमा आहे. एफडीएने २०११मध्ये त्याकडे पहिल्यांदा बोट दाखवलं. एप्रिल २०१९मध्ये फ्रान्सने जास्त खरबरीत इम्प्लांटवर बंदी घातली. जुलै २०१९मध्ये ॲलर्गन कंपनीने ‘बायोसेल’ इम्प्लांट जगभरातून मागे घेतले. तोवर जगभरात ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले होते. या रुग्णांपैकी ४८१जणींना ॲलर्गनचे इम्प्लांट होते. लाखो बायकांच्या तुलनेत धोका कमीच आहे, आणि वेळेत कळला तर इम्प्लांट वेष्टणासकट काढून बहुतेकजणी बऱ्या होतात. पण लक्षण लक्षात ठेवायला हवं: शस्त्रक्रियेला बरीच वर्षं, साधारण आठ-दहा, उलटल्यावर एका बाजूच्या स्तनात अचानक पाणी साठून सूज येणं.

इम्प्लांट फुटतो तेव्हा काय होतं? आत मिठाचं पाणी असेल तर तो पिचकतो आणि बाईला लगेच कळतं. आत जेल असेल तर बहुधा काहीच कळत नाही. म्हणून पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय पाच-सहा वर्षांनी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी करावी, अशी एफडीएची शिफारस आहे. इम्प्लांट आयुष्यभर पुरत नाही हे तीच संस्था स्पष्ट सांगते. सौंदर्यासाठी इम्प्लांट बसवणाऱ्या दर पाचजणींत साधारण एकीला तो दहा वर्षांच्या आत काढावा लागतो. पंचविशीत बसवणाऱ्या मुलीने साठीपर्यंतच्या खर्चाचा आणि भुलीचा हिशेब आताच मांडायला हवा. मॅमोग्राफीत इम्प्लांटची सावली स्तनाचा काही भाग झाकते, म्हणून जादा फोटो घ्यावे लागतात आणि तपासणाऱ्याला आधी सांगावं लागतं. शिवाय अनेक बायका थकवा, सांधेदुखी, विस्मरण अशा तक्रारी सांगतात. त्यांचं निदान करणारी चाचणी नाही, तरी २०२१पासून अमेरिकेत या तक्रारींची माहिती रुग्णाला आधी देऊन तिची सही घ्यावी लागते.

फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीची गोष्ट तर सरळ लबाडीची. वैद्यकीय दर्जाच्या जागी औद्योगिक सिलिकॉन भरून तिने इम्प्लांट विकले. २०१०मध्ये बिंग फुटलं, २०१३मध्ये मालक झाँ-क्लोद मास याला चार वर्षांची कैद झाली. सुमारे ६५ देशांतल्या तीन लाख बायकांच्या अंगात तो माल होता. आपल्या छातीत कोणत्या कंपनीचा इम्प्लांट आहे हेच त्यांच्यातल्या कित्येकींना माहीत नव्हतं. कंपनीचं नाव, मॉडेल आणि लॉट नंबर लिहिलेलं कार्ड हातात मिळाल्याशिवाय दवाखान्यातून बाहेर पडू नये.

स्तन कमी करून घेणं हे वेगळं प्रकरण आहे, आणि दोन्ही एका तागडीत तोलणं अन्यायाचं होईल. जड स्तनांमुळे मान आणि पाठ दुखते, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांना खाचा पडतात, स्तनाखालची कातडी घामाने सोलवटते. असा त्रास असलेल्या बायका शस्त्रक्रियेनंतर बहुतांशी समाधानी असतात. तरी किंमत आहेच. स्तनाग्र रक्तवाहिन्यांच्या देठावर ठेवून वर सरकवतात. तो देठ दुखावला तर स्तनाग्राची कातडी मरू शकते. संवेदना कमी होते, कधी कायमची. दुधाच्या नळ्या कापल्या गेल्या तर पुढे बाळाला पाजताना दूध अपुरं पडतं. स्तनाग्राभोवती आणि खाली जहाजाच्या नांगराच्या आकाराचे व्रण राहतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्या बाईची जखम भरायला त्रास होतो, म्हणून सर्जन काही आठवडे आधी धूम्रपान बंद करायला लावतात. वजन वाढलं किंवा बाळंतपण झालं तर आकार पुन्हा बदलतो. पाठदुखीसाठी हे सोसणं समजण्यासारखं आहे. ट्विगीच्या काळातला सरळसोट फ्रॉक अंगाला यावा म्हणून सोसणं, माझ्या मते, चुकीच्या वस्तूवर कात्री चालवणं आहे.

या साऱ्यात एक कोपरा मनाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एन्रिको मोर्सेली या इटालियन डॉक्टरने अशा माणसांचं वर्णन केलं, ज्यांना आपल्या शरीरात भयंकर व्यंग दिसतं, पण इतरांना ते दिसत नाही. आज त्याला मानसिक आजारांत निश्चित जागा आहे. या माणसांना शस्त्रक्रियेने सहसा समाधान मिळत नाही. व्यंग एका अवयवावरून दुसऱ्यावर जातं. स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क आणि अमेरिका इथल्या मोठ्या पाहण्यांत सौंदर्यासाठी इम्प्लांट घेतलेल्या बायकांमध्ये आत्महत्यांचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त आढळलं. इम्प्लांटमुळे असं होतं हे त्यातून सिद्ध होत नाही. आधीपासूनचं दुःख घेऊनच काहीजणी तिथवर पोचत असाव्यात. म्हणून चांगला सर्जन पहिल्या भेटीत सुरीबद्दल कमी आणि बाईबद्दल जास्त विचारतो. भारतात त्याच्या नावामागे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का हे पाहावं. आणि आरोग्य विम्यावर भिस्त ठेवू नये. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना सोडली तर सौंदर्यशस्त्रक्रिया आपल्या विम्यांतून सरसकट वगळलेली असते.

जुन्या कपड्यांच्या शौकिनाला मात्र सोपे उपाय आहेत. आपल्याकडे आजीची पैठणी नातीला होते, कारण लुगड्याला छातीचं माप नसतं. ब्लाउज तेवढा नवा शिवला की झालं. शिवलेल्या फ्रॉकला ही मुभा नाही, तरी पर्याय उरतात. आधी दशक निवडावं. भरल्या छातीला १९५०च्या दशकातले कपडे बसतात, सपाट छातीला १९२० आणि १९६०च्या दशकांतले. मग त्या काळाच्या घडणीची ब्रा घेऊन फ्रॉक पुन्हा घालून पाहावा. दाब शिल्लक असेल तर उसवून सोडावा, नसेल तर बगलेखाली त्याच रंगाच्या कापडाचा तुकडा जोडावा, टक्स हलवावेत. १९२०च्या दशकातल्या रेशमाच्या मात्र नादी लागू नये. वजन वाढवायला त्या रेशमात कथलाचे क्षार भरलेले असत, आणि शंभर वर्षांनी ते घडीवरच चिरतं. अशा फ्रॉकवरून कागदी नमुना उतरवून घ्यायचा, त्यात आपली मापं घालायची आणि आधी मांजरपाटात शिवून पाहायचं. छातीत ओढलं तर खुणा करायच्या, तो मांजरपाट उसवून फेकून द्यायचा आणि दुसरा बेतायचा. चांगले शिंपी खऱ्या कापडाला दुसऱ्या किंवा तिसऱ्या मांजरपाटानंतरच हात लावतात.